ट्यूनिंगची पेटी बसवण्याआधी : ३९० ड्यूकच्या निमित्ताने गॅरेजवाल्या बांधवांशी

गॅरेज, स्पेअर पार्ट, टायर आणि वेल्डिंग या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. पुण्याच्या नाना पेठेत दुपारच्या वेळी एक चक्कर मारली, की हातात हेल्मेट घेऊन उभा असलेला एखादा कॉलेजचा तरुण हमखास दिसतो. शेजारी त्याची नारिंगी चाकांची केटीएम ३९० ड्यूक असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "उस्ताद, ट्यूनिंगची पेटी बसवायची आहे. पॉवर किती वाढेल?"

उत्तर देणारे तीन प्रकारचे असतात. एक म्हणतो, "बसव, उडेल गाडी." दुसरा म्हणतो, "हे सगळे थोतांड आहे, पैसे वाया घालवू नकोस." तिसरा आधी विचारतो, "गाडी कोणत्या सालची? पेट्रोल कुठले भरतोस? सायलेन्सर कंपनीचा आहे की बदललास?" हा तिसरा कारागीर कमी भेटतो. त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखे होऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी, ही माहिती देत आहोत.

उदाहरणाला ३९० ड्यूकच घेण्याचे कारण असे, की नाव ऑस्ट्रियाचे असले तरी ही गाडी आपल्याच चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होते. जून २०१३ मध्ये ती भारतात आली तेव्हा दिल्लीतील शोरूम किंमत १ लाख ८० हजार रुपये होती. इंजिन ३७३ सीसीचे, एकच सिलिंडर, पाण्याने थंड होणारे, सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक अवघा ६० मिलिमीटर. २०१७ च्या मॉडेलची ताकद ९००० फेऱ्यांना ४३.५ अश्वशक्ती होती. २०२३ मध्ये स्ट्रोक ६४ मिलिमीटर करून इंजिन ३९९ सीसीचे झाले आणि ताकद ४६ अश्वशक्तीवर गेली. हिशेब केला तर जुन्या इंजिनात दर लिटरमागे ११६ अश्वशक्ती पडते. हे इंजिन कंपनीनेच बऱ्यापैकी पिळून दिलेले आहे, हे गिऱ्हाइकाशी बोलताना विसरू नये. शंभर सीसीच्या साध्या गाडीत जशी ताकद झोपलेली असते, तशी येथे नाही.

आधी जुने काम आठवू या

ज्यांनी यामाहा आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० वर हात काळे केले आहेत, त्यांना ट्यूनिंग म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नाही. थ्रॉटल पाव भाग उघडेपर्यंत पायलट जेटचे राज्य, तिथून पाऊण भागापर्यंत सुईचे, आणि पुढे मेन जेटचे. सायलेन्सर मोकळा केला की मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाकायचा, सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायची, गाडी पळवून इंजिन एकदम बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. प्लग पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा कुट्ट झाला तर जास्त, आणि चहाच्या रंगाचा आला तर जमले. जुन्या उस्तादांना तर प्लगही काढावा लागत नसे. आवाज ऐकून ते जेटचा नंबर सांगत.

ही विद्या खोटी नव्हती. फक्त ती कानात आणि बोटांत होती, कागदावर नव्हती. पुढे काळ बदलला. २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर फ्युएल इंजेक्शन घेऊन आली, २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० आली. गंमत म्हणजे २००९ मध्ये त्याच पल्सर २२० ला कंपनीने परत कार्बोरेटर लावला, आणि आमच्या अनेक मिस्त्रींनी मानले की इंजेक्शन चालणार नाही. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. जेटच्या डब्या कपाटात राहिल्या.

आता तेच काम ईसीयू करतो. ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. त्याच्या आत एक तक्ता असतो. आडव्या ओळीत इंजिनच्या फेऱ्या, उभ्या ओळीत थ्रॉटल किती उघडला ते, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या आकड्यावरून ठरते. दुसरा तसाच तक्ता ठिणगी किती अंश आधी टाकायची याचा असतो. या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. सुईला पाच खाचा होत्या, इथे शेकडो चौकोन आहेत, एवढाच फरक समजावा.

काम किती बारीक आहे ते पाहा. ३७३ सीसीचे सिलिंडर एका घोटात पूर्ण भरले तर साधारण ०.४५ ग्रॅम हवा घेते. साध्या पेट्रोलला संपूर्ण जळण्यासाठी एका भागास १४.७ भाग हवा लागते, म्हणजे त्या घोटाला ०.०३ ग्रॅम पेट्रोल झाले. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर प्रमाण १३ च्या आसपास आणावे लागते, म्हणजे ०.०३४ ग्रॅम. सगळी भानगड या चार हजारांश ग्रॅमची आहे. आणि ९००० फेऱ्यांवर दोन घोटांमध्ये अवघे १३ मिलिसेकंद असतात. कान कितीही तयार असला तरी एवढे त्याला ऐकू येणे कठीण.

पेट्यांचे प्रकार

बाजारात "पेटी" या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

सर्वांत स्वस्त पेटी फक्त लॅम्डा सेन्सरच्या तारेत बसते. लॅम्डा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. पेट्रोल जास्त जळत असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी असेल तर ०.१ च्या आसपास, आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वरखाली करतो. ही पेटी मध्येच थोडे खोटे सांगते. ईसीयूला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, तो थोडे वाढवतो, गाडी हळू चालवताना बसणारे झटके कमी होतात. फायदा तेवढाच. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू या सेन्सरकडे बघतच नाही, त्यामुळे तिथे या पेटीचा काही उपयोग नाही. "टॉप स्पीड वाढेल" म्हणून ती कोणी विकत असेल तर तो गिऱ्हाइकाला फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे.

दुसरी खरी पिगीबॅक पेटी. ती ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसते. ईसीयू म्हणतो इंजेक्टर ६ मिलिसेकंद उघड, पेटी आपल्या तक्त्यात बघते, तिथे ५ टक्के जादा लिहिलेले असते, आणि इंजेक्टर ६.३ मिलिसेकंद उघडा राहतो. अमेरिकेच्या डायनोजेट कंपनीची पॉवर कमांडर याच जातीची आहे. बंगळूरूच्या रेस डायनॅमिक्सची पॉवरट्रॉनिक पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळही बदलते, आणि आपल्याकडच्या ३९० वाल्यांमध्ये तिचे नाव घरोघरी झालेले आहे. तारांचे सॉकेट कंपनीच्या सॉकेटमध्येच बसतात, वायर कापावी लागत नाही, तासा-दीड तासात काम होते आणि गाडी विकायची वेळ आली की पेटी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते. लहान गॅरेजला हे काम सोपे वाटते ते याच कारणाने.

अडचण पुढे आहे. पेटीने ५ टक्के पेट्रोल वाढवले की लॅम्डा सेन्सर लगेच चुगली करतो, आणि ईसीयू ते ५ टक्के परत कापतो. दोघांची ओढाताण सुरू होते. ती थांबवण्यासाठी अनेक ठिकाणी सेन्सरचा प्लग काढून त्या जागी एक छोटा डमी प्लग लावला जातो. गाडी गुळगुळीत चालते, गिऱ्हाईक खूश होतो. परंतु त्या क्षणापासून इंजिनचे नाक बंद झालेले असते. आत काय जळते आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. काही महाग पेट्या हा मार्ग टाळतात. इटलीच्या रॅपिड बाइकच्या वरच्या दर्जाच्या पेट्या सेन्सर काढत नाहीत, त्याचेच वाचन घेऊन आपला तक्ता सुधारत राहतात. डायनोजेटने ऑटोट्यून नावाची जोड दिली, तिचा स्वतःचा अचूक सेन्सर असतो. किंमत अर्थातच वाढते.

तिसरा मार्ग फ्लॅशचा. यात पेटी नसतेच. कंपनीच्या ईसीयूमधील तक्ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, बदलतात आणि परत भरतात. लॅम्डा सेन्सर जागेवर राहतो आणि हळू चालवताना आपले काम करत राहतो. बदल नेमका हवा त्या चौकोनात करता येतो. ३९० च्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. २०१७ पासून या गाडीला राइड-बाय-वायर आले, म्हणजे मुठीपासून थ्रॉटलपर्यंत केबल नाही. मूठ फक्त मागणी करते, झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. ईसीयूने झडप अडवून धरली असेल तर पिगीबॅक पेटी तिथे काही करू शकत नाही. ती पेट्रोल वाढवेल, पण हवाच कमी येत असेल तर वाढीव पेट्रोल धुरातच जाईल. हा अडसर फक्त फ्लॅशने हलतो. म्हणून २०१३ ते २०१६ ची केबलवाली गाडी आणि त्यानंतरची गाडी यांना एकच सल्ला देणे चूक आहे.

फ्लॅशचे धोकेही सांगितले पाहिजेत. आकडे भरत असताना बॅटरी खाली गेली तर ईसीयू मेला, असे होऊ शकते, आणि नव्या ईसीयूचे पैसे गॅरेजवाल्याच्या खिशातून जातात. म्हणून काम करताना बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा जोडल्याशिवाय हात लावू नये. दुसरे, कोणाकडून तरी मोबाइलवर आलेली फाइल भरणे म्हणजे दुसऱ्या रोग्याची औषधाची चिठ्ठी वापरणे होय. ती फाइल कोणत्या सायलेन्सरसाठी, कोणत्या पेट्रोलसाठी, कोणत्या सालच्या गाडीसाठी केली होती हे कोणालाच ठाऊक नसते. तिसरे, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली आणि तिथे नवे सॉफ्टवेअर भरले गेले तर आपला मॅप पुसला जातो. गिऱ्हाईक मग तक्रार घेऊन आपल्याकडेच येतो. मूळ फाइल गाडी नंबर टाकून जपून ठेवावी आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर गिऱ्हाइकालाही द्यावी.

चौथा प्रकार, म्हणजे कंपनीचा ईसीयूच काढून संपूर्ण वेगळा रेसिंग ईसीयू बसवणे, हा शर्यतीच्या गाड्यांचा विषय आहे. डॅशबोर्ड, एबीएस यांच्याशी त्याचे जमवून घेण्यात महिने जातात. रस्त्यावरच्या ३९० साठी त्याचा विचारही करू नये.

एक गाडी, तीन गॅरेज

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गॅरेजात २०१८ ची ३९० आली होती. गाडी दुसऱ्या मालकाकडे होती. तक्रार अशी, की साठच्या वेगावर एकसारखी चालवली की मिसिंग येते, पंखा सतत फिरतो, आणि घाटात चढावर आतून कटकट आवाज येतो. आधीच्या एका गॅरेजने प्लग आणि कॉइल बदलली होती. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केला, मग फ्युएल पंपही नवा टाकला. मालकाचे बरेच पैसे गेले होते आणि आवाज तसाच होता.

आमच्या परिचयाचे हे उस्ताद साठीच्या घरातले. कॉम्प्युटरचा त्यांना कंटाळा, पण शागीर्द हुशार आहे. त्याने सीट काढली तेव्हा खाली टेपने गुंडाळलेली पिगीबॅक पेटी सापडली. नव्या मालकाला तिचा पत्ताच नव्हता. "चाचा, लॅम्डा सेन्सरला डमी लावलाय," पोरगा म्हणाला. पहिल्या मालकाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. पेटी बसवली तेव्हा तो नेहमी शंभर ऑक्टेनचे, इथेनॉल नसलेले महागडे पेट्रोल भरत असे. मॅप त्या पेट्रोलवर केला होता, ठिणगीही त्याच हिशेबाने आधी घेतली होती. नवा मालक मात्र सरळ पंपावरचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरत होता.

यातला हिशेब प्रत्येक मिस्त्रीने समजून घ्यावा असा आहे. शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला आता ७ ते ८ टक्के जास्त पेट्रोल सोडायला हवे. सेन्सर जागेवर असता तर हळू चालताना ईसीयूने हे आपोआप केले असते. त्याचे नाक बंद होते, म्हणून तो जुनेच माप सोडत राहिला. एकसारख्या वेगावर मिश्रण पातळ पडून मिसिंग येत होते. चढावर जोर पडला की पुढे ओढलेली ठिणगी आणि कमी ऑक्टेन यांची गाठ पडून नॉकिंग होत होते. प्लग, कॉइल, इंजेक्टर, पंप यांतले काहीच बिघडलेले नव्हते.

पेटी काढली, सेन्सर जोडला, गाडी सुधारली. आवाजाचा संशय होता म्हणून हेड उघडले तर पिस्टनच्या कडेला सुईने टोचल्यासारखे दाणे पडले होते. पिस्टन बदलावाच लागला. पेटी बसवणाऱ्याने त्या दिवशी वाईट काम केले होते असे नाही, पेट्रोल तेच राहिले असते तर गाडी चाललीही असती. पण त्याने कुठे काही लिहून ठेवले नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखाली "फक्त अमुक पेट्रोल" अशी एक पट्टी चिकटवली असती, तर नव्या मालकाचा पिस्टन वाचला असता.

उस्तादांनी त्या शागीर्दाला दुसऱ्या दिवशी शंभर रुपयांची मिठाई आणायला लावली, पैसे स्वतः दिले. इतकी वर्षे कानाने काम केलेल्या माणसाला हे जड गेले असेल, पण त्यांनी ते कबूल केले, हे आम्हाला आवडले.

डायनोवरही काटा मारता येतो

ताकद वाढली हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी डायनो नावाचे यंत्र असते. गाडीचे मागचे चाक जड रोलरवर ठेवून फिरवतात आणि किती फेऱ्यांना किती ताकद मिळाली याचा आलेख कागदावर येतो. कंपनी सांगते ती ताकद इंजिनची असते. चाकापर्यंत येता येता गिअर, चेन आणि टायर मिळून दहा-पंधरा टक्के खातात. त्यामुळे ४३.५ अश्वशक्तीची गाडी डायनोवर ३७-३८ दाखवत असेल तर "कंपनीने फसवले, आपण भरून काढू" असे गिऱ्हाइकाला सांगणे गैर आहे.

आपण व्यापारी लोक आहोत, तराजूत कुठे काटा मारता येतो हे आपल्याला कळते. डायनोवरही तो मारता येतो. टायरमध्ये हवा कमी ठेवून "आधीचा" कागद काढायचा आणि भरपूर हवा भरून "नंतरचा". आधी इंजिन खूप तापू द्यायचे, नंतर थंड करून घ्यायचे. सर्वांत सोपा हात म्हणजे सुधारणा-गुणक बदलणे. हवामानाचा फरक काढण्यासाठी यंत्रात दोन प्रचलित गुणक असतात, एसएई आणि एसटीडी. दुसरा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो. ३७ अश्वशक्तीवर ४ टक्के म्हणजे दीड अश्वशक्ती झाली. गाडीला पाना न लावता ती कागदावर वाढते, आणि ट्यूनिंगची सगळी "वाढ" कधी कधी एवढीच असते.

कागद खरा हवा असेल तर दोन्ही वेळा तोच दिवस, तीच टायरची हवा, तोच गिअर, इंजिनचे तेच तापमान आणि तोच गुणक असावा, आणि प्रत्येक वेळी किमान तीनदा गाडी पळवावी. तीन कागदांत आपापसांतच एक अश्वशक्तीचा फरक येत असेल, तर एका अश्वशक्तीच्या वाढीचा दावा करू नये. गिऱ्हाइकानेही गुणक कोणता हे विचारावे. कोपऱ्यात बारीक अक्षरात ते छापलेले असते.

मग फरक पडतो तरी काय? प्रामाणिक ट्यूनिंगने ३९० मध्ये वरच्या टोकाला थोडीशीच वाढ मिळते. खरा फायदा मधल्या फेऱ्यांमध्ये असतो. रहदारीत हळू चालताना बसणारे झटके जातात, मूठ सोडून परत पिळली की होणारा धक्का मऊ होतो, आणि सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदललेला असेल तर बिघडलेले मिश्रण जागेवर येते. रोज चालवणाऱ्याला हे टॉप स्पीडपेक्षा जास्त सुखाचे वाटते. पण "उडेल गाडी" असे ऐकून आलेल्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले नाही, तर त्याला आपण ठगवल्यासारखे वाटते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलण्यात आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. धुराचे नळकांडे रिकामे करणे, म्हणजे आतला कॅटलिस्ट काढून टाकणे, हे पीयूसीमध्येही अडकते. विम्याचा प्रश्न वेगळाच. बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो. वॉरंटी असलेल्या गाडीला तर आपण होऊन हात लावू नये. चेन्नईजवळच्या किंवा कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे ट्यूनिंगला वाव आहे आणि कामाला किंमतही आहे.

लहान गॅरेजने काय घ्यावे

डायनोला कित्येक लाख लागतात. ते प्रत्येकाने घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. शहरात जिथे डायनो आहे तिथे तासाच्या भाड्याने काम करता येते. आपल्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवला तर भाडेही परवडते.

त्याआधी दोन वस्तू घ्याव्यात. पहिली, स्कॅनर. ईसीयूतले दोष वाचणारा आणि चालू इंजिनचे आकडे दाखवणारा. त्याच्याशिवाय इंजेक्शनच्या गाडीला हात लावणे म्हणजे अंधारात टप्पेट बसवणे. दुसरी, वाइडबँड मीटर. कंपनीचा साधा लॅम्डा सेन्सर फक्त "जास्त" की "कमी" एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड नेमका आकडा सांगतो. घेताना तो लॅम्डामध्ये वाचणारा घ्यावा, किंवा निदान तसे बदलता येणारा. कारण १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तो लागू पडत नाही. लॅम्डा १ मात्र प्रत्येक इंधनाला १ च असतो. चांगल्या पिगीबॅक पेटीची किंमत पाच आकडी असते. दोन-तीन पेट्यांच्या नफ्याचा मोह सोडून आधी हे मीटर घेतले, तर पुढच्या प्रत्येक कामाला ते उपयोगी पडेल.

जुन्या उस्तादांनी यात मागे राहण्याचे कारण नाही. पेट्रोल कुठे कमी पडते, कुठे जास्त होते, नॉकिंगचा आवाज टप्पेटच्या आवाजापेक्षा कसा वेगळा, हे त्यांना जितके कळते तितके लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला कळत नाही. पोराला चौकोनातला आकडा बदलता येतो, कोणता चौकोन बदलायचा हे उस्ताद सांगू शकतात. आम्ही पाहिलेल्या चांगल्या गॅरेजांत हे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात.

आणि एक वही ठेवावी. गाडी नंबर, साल, किती किलोमीटर चालली, सायलेन्सर आणि फिल्टर कोणते, कोणत्या पेट्रोलवर मॅप केला, लॅम्डा सेन्सर जोडलेला आहे की नाही, ठिणगी किती अंश पुढे घेतली, आणि तारीख. गिऱ्हाइकाची सही घेऊन त्या पानाची एक प्रत गाडीच्या कागदांबरोबर ठेवायला सांगावी. गाडी विकली गेली की हे पान नव्या मालकाकडे जाते, आणि पानावर आपल्या गॅरेजचा पत्ता असतो.